वायफायसाठी जिन्याच्या पाच फेऱ्या

दुपारी चार वाजता ताईची मुलाखत होती, तीही लॅपटॉपवरून. शाळेत शिक्षिकेची ही एकच जागा होती. तिचा संथ लॅपटॉप ऐनवेळी दगा देऊ नये, म्हणून धाकट्या भावाने सकाळीच त्यातलं जुनं सगळं पुसून लिनक्स नावाची नवी प्रणाली टाकली. लॅपटॉप सुसाट झाला. फक्त वायफाय गेलं.

“वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारी फाइल, नाहीये,” भाऊ म्हणाला. “इंटरनेटवरून उतरवला की झालं.”

“मग उतरव की!”

“त्याला वायफाय लागतं गं.”

ताईचा फोन साधा बटणांचा, भावाचा फोन दुरुस्तीला टाकलेला. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे मात्र इंटरनेट होतं. भाऊ पेनड्राइव्ह घेऊन जिना चढला, काकूंच्या लॅपटॉपवरून फाइल घेऊन आला. ती फाइल उघडली तर म्हणे, आधी दुसरी फाइल हवी. दुसरीला तिसरी हवी होती. तिसरी भलत्याच कार्डाची निघाली. चौथ्या फेरीला पेनड्राइव्ह खालीच राहिला, पाचव्या फेरीला बरोबर फाइलीसकट वर.

पावणेचारला काकू स्वतःच तो घेऊन खाली आल्या. “अरे, सकाळपासून जिना झिजवतोयस! चाललंय काय?”

ताईने रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं.

“अगं, मग माझ्याच लॅपटॉपवर बस ना! माझं वायफाय काय फक्त फाइलींसाठी आहे?”

भावाने कपाळावर हात मारला. मग ताई धावत वर गेली.

मुलाखत रंगात आली होती. इतक्यात दार धाडकन उघडलं.

“ताई, आलं! वायफाय आलं!”

ताईने हातानेच त्याला बाहेर जायला खुणावलं. पडद्यावर मुख्याध्यापिकाबाई पुढे वाकल्या. “काय झालं होतं त्याला?”

“मॅडम, कर्नलला फर्मवेअर सापडत नव्हतं...”

“मला कळेल असं सांगा हो!”

आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ताई म्हणाली, “बाई, कार्ड म्हणजे दारावरचा नवा रखवालदार. दार कसं उघडायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि ते शिकवणारं पुस्तक राहिलं होतं दाराबाहेर.”

बाई खळखळून हसल्या. “आमचे कारकून आठवडाभर मला हेच समजावत होते, आज कळलं! सोमवारपासून तिसरीचा वर्ग घ्या.”

“येते, बाई!” ताई म्हणाली.

“आणि भावालाही आणा,” बाई म्हणाल्या. “कारकुनांनी बारा लॅपटॉपांवर लिनक्स टाकलंय. बाराही रखवालदार नुसते उभे आहेत.”