यातली सगळ्यात आंबट कुठली?

महागडी स्पार्कलिंग वाइन ग्लासला ओठ न लावता, हात उंच धरून वरून धार सोडून पिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय. आमचे शेजारी लिमयेकाका. आणि तेही कुठे, तर ससेक्समधल्या एका इतक्या नावाजलेल्या वायनरीत, की तिथे आलेली माणसं देवळात आल्यासारखी कुजबुजत बोलत होती.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. टेस्टिंग रूममध्ये लांबलचक लाकडी टेबल, काचेपलीकडे डोंगरउतारावर द्राक्षांच्या ओळी, आणि टेबलाभोवती आम्ही सोडून सगळे ट्वीडच्या जॅकेटातले लोक. फियोना नावाची गाइड ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, घोट जिभेवर कसा खेळवायचा ते सांगत होती. तिचं बोलून होतंय तोवर काकांनी मान मागे टाकली, आ वासला आणि वीतभर उंचीवरून धार सोडली. अहो, पाणी असं पिता येतं, ताक पिता येतं. फेसाळणारी वाइन? अर्धी तोंडात गेली, अर्धी नाकात. काकांना जो ठसका लागला, तो बाहेर चरणाऱ्या मेंढ्यांनीसुद्धा ऐकला असेल.

"आर यू ऑल राइट, सर?" फियोना धावली.

"परफेक्टली," काका डोळे पुसत म्हणाले. "व्हेरी गुड. बट नॉट आंबट इनफ." मग माझ्याकडे वळून, "अगं, नुसतं सावर म्हटलं तर कळायचं नाही, आंबट म्हणजे काय ते नीट सांग तिला. आणि विचार, यातली सगळ्यात आंबट कुठली?"

मी गाडी चालवणार म्हणून माझ्या हातात एल्डरफ्लावरचं सरबत होतं. त्या क्षणी मला ते टेबलाखाली बसून प्यावंसं वाटलं.

वरून पिणं ही काकांची लहानपणची सवय. भांडं उष्टं करायचं नाही, अशी त्यांच्या आईची शिस्त. ते इंग्लंडला आले, इथेच म्हातारे झाले, पण चहाचा मगसुद्धा ओठाला लावत नाहीत. गरम चहा वरून! मी नागपूरची, उन्हाळा पाहिलेली बाई, पण पहिल्यांदा ते बघून "बाप्पा!" असं जोरात ओरडले होते. काकांना काही वाटलं नाही. "घशाला सवय असते," म्हणाले, "आणि जीभ मोकळी राहते."

ती जीभ हा काकांचा खरा अभिमान. त्यांची सगळी नोकरी पाण्याच्या कंपनीच्या लॅबमध्ये गेली. अशा लॅबमध्ये पाणी चाखून बघणारी माणसं असतात, हे मला लंडनमधल्या या स्टॅनमोरला राहायला येईपर्यंत माहीत नव्हतं. आम्ही घर घेतलं त्या आठवड्यात हा उंच, किडकिडीत, कानटोपीवाला माणूस दारात उभा. नाव-गाव राहिलं बाजूला. "तुमच्या किचनच्या नळाचं भांडंभर पाणी द्या बरं." मी दिलं. त्यांनी वरून ओतलं, डोळे मिटले, तोंडात खुळखुळवलं. "तुमच्या आधीच्या माणसानं पाइप बदललाय. हलका घातलाय." मग पुढचं वाक्य: "मी लिमये. शेजारचा. संध्याकाळी जेवायला या. आमची ही वाट बघतेय."

पाइपाचं खरं होतं की नाही, ते मी कधी तपासलं नाही. तपासायची सोय नव्हती, कारण कुठलाही वाद झाला की काकांचं एकच उत्तर, "जिभेला विचार." हवामान कसं असेल? जिभेला विचार. कौन्सिलच्या निवडणुकीत कोण येईल? त्यालाही "जिभेला विचार," आणि एकदा खरंच त्यांनी सांगितलेला माणूस आला, तेव्हापासून तर सोयच राहिली नाही.

पण काकांची जीभ तिखट म्हणावी तर काकूंची ऐकली नाही तुम्ही. लिमयेकाकूंचं माहेर कोल्हापूरचं. बोलणं सरळ आणि जेवण जहाल. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणात प्रत्येक बाई आपलं पातेलं ठेवून काकूंच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. त्या एक घास घेणार, आणि त्या हॉलमध्ये निकाल लागणार. माझा पाटवडी रस्सा खाऊन म्हणाल्या होत्या, "रस्सा झालाय चांगला. पाटवडीला मात्र कुणी सांगितलेलं नाही की ती रश्शात आहे." मी दोन दिवस फुगून बसले होते. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या, माझ्या ओट्यापाशी उभं राहून मला पाटवडी शिकवली, आणि जाताना मिठी मारून गेल्या.

अशा या काकूंची चव गेली. दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला, खोकला आला, सगळ्यांना येतो तसाच. ताप उतरला. वास आणि चव मात्र परत आलीच नाही. जीपी म्हणाला, वेट करा. स्पेशालिस्ट म्हणाला, वेट करा, कधीकधी वेळ लागतो. काकूंनी वाट बघितली, आणि मग हळूहळू बघायची सोडून दिली. जेवण म्हणजे कापूस चावल्यासारखं लागतं, म्हणायच्या. वजन उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी नावं ठेवणं बंद केलं. कुणी काहीही पुढं करा, एक घास खाणार आणि म्हणणार, "छान आहे हो." करपलेली पोळी, छान आहे. खारट वरण, छान आहे. मंडळातल्या बायका आधी खूश झाल्या, मग एकेक जण घरी जाऊन रडली. मीही.

काका मात्र पेटून उठले. हिला एकदा तरी जेवण लागलं पाहिजे, एवढा एकच ध्यास. त्यांचं म्हणणं, गोड, खारट, तिखट हे सगळं जिभेवर मागाहून जागं होतं, पहिलं जागं होतं ते आंबट. याला आधार काय? जिभेला विचार. मग लिंबं झाली, चिंच झाली, आमसुलं झाली, वेंब्लीहून कैऱ्या आणून झाल्या. काकू मुकाट्यानं खायच्या आणि कधीतरी म्हणायच्या, "जिभेच्या कडेला जरा काहीतरी झालं खरं." तेवढ्यावर काका आठवडाभर उड्या मारत.

आणि मग कुठल्याशा रेडिओ प्रोग्रॅममध्ये त्यांनी ऐकलं, की इंग्लंडात ऊन बेताचं, थंडी लवकर, द्राक्ष सावकाश पिकतं, म्हणून इथल्या वाइनला आंबटपणा भारी. झालं! सकाळी सात वाजता माझी बेल. "गाडी काढ. ससेक्सला जायचंय."

"काका, काकू वाइनला हात लावत नाहीत."

"आमटीत घालीन."

"आमटीत वाइन?"

"फ्रेंच लोक मटणात घालतात ना? मी तुरीच्या डाळीत घालीन. चल."

तर अशा रीतीनं आम्ही त्या टेबलाशी पोचलो होतो. फियोना बिचारी सभ्य. म्हणाली, आम्ही आंबट म्हणत नाही, सर, आम्ही 'ब्राइट' म्हणतो. काका म्हणाले, ब्राइट म्हणजे दिवा. तिनं दुसरी वाइन ओतली. या वेळी काकांनी धार बारीक धरली आणि ठसका टाळला. डोळे मिटून बसले. सगळं टेबल त्यांच्याकडे बघायला लागलं.

"सांगू?" ते म्हणाले. "आधी कैरी. झाडाखाली पडलेली, एका बाजूला माती लागलेली. मग पिकायच्या आधीचं बोर. आणि शेवटी पावसाळ्यात पाटीवरचं पुसताना येतो ना, तो ओल्या दगडाचा वास."

चवीचं बोलताना काका मराठीवरच येतात, म्हणून मी जमेल तसं इंग्रजी केलं. एक ट्वीडवाले आजोबा म्हणाले, ओल्या दगडाचं अगदी बरोबर, इथली जमीनच खडूची आहे. काकांनी त्यांच्याशी हात मिळवला. पुढचा अर्धा तास ते दोघं एकमेकांना आपापल्या शाळेच्या गोष्टी सांगत होते आणि कुणालाच दुसऱ्याचं निम्मंसुद्धा कळत नव्हतं.

पण सगळ्या वाइन चाखून झाल्या आणि काकांचा चेहरा उतरला. "चांगल्या आहेत गं. पण नाही. सगळ्या शहाण्या आहेत. हिला जागं करील अशी एक नाही."

तेव्हा मी फियोनाला खरं काय ते सांगून टाकलं. हे वाइनसाठी आलेलेच नाहीत, यांच्या बायकोला दोन वर्षं चव नाही, म्हणून आलेत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "कम विथ मी," आणि आम्हाला मागच्या दारानं सरळ द्राक्षांच्या ओळींत घेऊन गेली.

तोडणी आटोपली होती. पानं पिवळी पडायला लागली होती. पण वेलींच्या शेंड्याला, पार वर, हिरवे छोटे घोस लटकत होते. फियोनानं सांगितलं, वेलीला उशिरा दुसरा बहर येतो, ही द्राक्षं कधीच पिकत नाहीत, आम्ही पाखरांना ठेवतो. काकांनी एक तोडून तोंडात टाकलं. बाप्पा! त्यांचा एक डोळा मिटला, दुसऱ्यातून पाणी आलं, खांदे कानाला लागले. कानटोपी घसरली.

"हे!" ते ओरडले. "हे!"

फियोना म्हणाली, हवी तितकी घ्या. काकांनी खिशातून कापडी पिशवी काढली. हा माणूस वायनरीत कापडी पिशवी घेऊन आला होता! वेली फार उंच नव्हत्या, काकांचा हात सहज पोचत होता. मी खालून पिशवी धरली.

तोडता तोडता ते बोलत होते. "आम्ही आलो तेव्हा ईलिंगला एक खोली होती. चिंच कुठली मिळायला? आमसूल कुठलं? आंबट आमटीवाचून हिचं पान हलेना. मग मार्केटात हिनं रूबार्ब बघितला. गोऱ्या लोकांचा, कस्टर्डात घालायचा आंबट देठ. हिनं चावून बघितला आणि तिथंच नाचली. मग काय, रूबार्बची आमटी, कुकिंग ॲपलची आंबेडाळ. खोलीभर फोडणीचा वास. घरमालकीण वर यायची भांडायला आणि जेवून जायची." हसले. हात वेलीवरच थांबला. "दोन वर्षं मी एकटा जेवतोय गं. बसते ती समोर. पण एकटाच."

मी पिशवी घट्ट धरून उभी राहिले. काका पुढच्या घोसाकडे वळले.

परत येताना मोटरवेवर ट्रॅफिक. काका मांडीवर पिशवी घेऊन बसलेले. घरी पोचलो तर काकू सोफ्यावर टीव्ही लावून, आवाज बंद करून बसल्या होत्या. "झाली का मौज?" एवढंच विचारलं त्यांनी.

काका थेट ओट्यापाशी. मला मदत करू देईनात. कुकर लावला, द्राक्षं खलबत्त्यात ठेचली, रस गाळला. फोडणीला मोहरी, हिंग, मिरच्या. डाळ घोटून घातली, वरून तो हिरवट रस. मग हात सवयीनं डब्यात गेला आणि गुळाचा खडा आमटीत पडला. काका कोकणस्थ. गुळाशिवाय त्यांच्या हाताला आमटी करताच येत नाही. काकूंना म्हणे लग्नाच्या पहिल्या दिवसापासून याचा संताप. मी बघितलं, पण बोलले नाही. म्हटलं, काकूंना कुठं कळणार आहे.

काकूंपुढं ताट ठेवलं. भात, वर आमटी, शेजारी आमटीची वाटी. काका समोर बसले नाहीत, पळी हातात घेऊन उभेच राहिले. काकूंनी घास घेतला.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. पळी खाली ठेवायला वळले. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण त्यांच्याकडे बघवेना.

काकूंनी दुसरा घास घेतला. आणि चावायच्या थांबल्या. कपाळाला आठी पडली. जीभ टाळूला लावून त्यांनी टक् असा आवाज केला. मग वाटी उचलून नुसती आमटी प्यायल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "गूळ घातलात?"

काका जागच्या जागी खिळले.

"तुम्हाला विचारतेय. एवढी झणझणीत आंबट आमटी, आणि त्यात गूळ? कोणी सांगितला होता घालायला?"

डॉक्टर म्हणतील, येणारच होतं, वेळ लागतो कधीकधी. म्हणोत. मी तिथे होते.

काकांनी खुर्ची ओढली आणि काकूंच्या समोर बसले. टी-टॉवेल तोंडावर धरून ते रडत होते, लहान मुलासारखं, खांदे हलवत. जरा वेळानं टॉवेल खाली केला.

"परत म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"तेच. गुळाचं."

काकूंनी परत सांगितलं, आधीपेक्षा जास्त चिडून. आणि सांगता सांगता ताटात आणखी भात वाढून घेतला.