बिनमाशांची टाकी

केमिस्टसाहेबांनी सकाळी साडेसहाला टाकीचं झाकण उचललं, चिमूटभर खाद्य पाण्यावर सोडलं आणि झाकण परत लावलं. टाकीत मासा नव्हता. गेले एकोणीस दिवस नव्हता, आणि गेले एकोणीस दिवस साहेब न चुकता त्याला खायला घालत होते.

यामागे शास्त्र होतं, पण शास्त्राच्या आधी एक दुःख होतं. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने हट्टाने तीन नारिंगी मासे आणवले होते. साहेबांनी नव्या टाकीत नळाचं पाणी भरलं, त्यात मासे सोडले आणि चौथ्या दिवशी तिन्ही मासे पोट वर करून तरंगू लागले. दुकानदाराने आजारी मासे गळ्यात मारले, असं साहेबांनी घरात जाहीर केलं. पण त्या दिवसापासून मुलीने बापाला काही विचारणंच सोडलं. सायकलची चेन पडली की ती खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे जाई. गणित अडलं की आई, निबंध अडला तरी आई. साहेबांना हे फार लागलं. ते शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात अठरा वर्षं केमिस्ट होते. सगळं शहर त्यांच्या भरवशावर पाणी पीत होतं आणि घरातली एवढीशी पोर त्यांना पेन्सिलीला टोक करायलाही देत नव्हती.

साहेब तावातावाने दुकानदाराशी भांडायला गेले आणि मान खाली घालून परत आले. दुकानदाराने त्यांना स्टुलावर बसवून समजावलं होतं. माशांची घाण कुजली की पाण्यात अमोनिया तयार होतो. तो खाणारे जंतू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर टाकी बिनमाशांची चालवायची, आणि जंतूंची उपासमार नको म्हणून रोज चिमूटभर खाद्य कुजायला टाकायचं.

"मासे ठणठणीत होते, साहेब. पाणी कच्चं होतं."

"म्हणजे आता मी जंतू पाळायचे?"

"पाळायचे. जिवापाड."

साहेबांचा चेहरा पडला. जंतू मारण्याचाच ते पगार घेत होते. मासे ठणठणीत असल्याचं मात्र त्यांनी घरी सांगितलं नाही. टाकी तयार झाली की चांगले मासे आणू, एवढंच म्हणाले. मुलीने "बरं" म्हटलं आणि ती वही घेऊन आत गेली.

दिवस जाऊ लागले. साहेब रोज काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेत, त्यात औषधाचे थेंब टाकत आणि नळी उजेडात धरून बघत. पिवळी झाली तर पाणी निर्धोक, हिरवी झाली तर विष. नळी रोज हिरवी. घरी येणारे पाहुणे टाकीत वाकून वाकून बघत आणि शेवटी भिडेखातर "छान लपलेत हो" म्हणत. केंद्रातला पंपवाला तर रोज नव्याने हसे. इथे मारायचे आणि घरी पाळायचे, साहेब, असल्या माणसाला जंतूंनी कोणत्या तोंडाने आशीर्वाद द्यायचा, असं त्याचं म्हणणं होतं.

तेविसाव्या दिवशी नळीचा हिरवा रंग जरा फिका वाटला. साहेबांच्या जिवात जीव आला. स्पंजवर तपकिरी, बुळबुळीत थर धरला होता आणि साहेब त्याच्याकडे लेकराकडे बघावं तसे बघत. त्याच दुपारी सासूबाई आल्या. लेकीच्या घरात असला मळ त्यांना बघवला नाही. साहेब घरी आले तेव्हा स्पंज दोरीवर वाळत होता, पांढराशुभ्र.

"गरम पाण्यात साबण घालून दोनदा धुतला, जावईबापू. केवढी घाण निघाली म्हणून सांगू."

"तुम्ही कशाला त्रास घेतलात," साहेब म्हणाले. सासूबाईंना दुसरं काय म्हणणार? साहेब स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि त्यांनी कॅलेंडरवर पुन्हा एकपासून आकडे घातले.

दुसरा फेरा पहिल्यापेक्षा लांबला. या खेपेला त्यांनी फिल्टरवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. केंद्रात हजार माणसांसमोर न झुकणारा माणूस घरी स्पंजपुढे गुडघे टेकून बसू लागला. छत्तिसाव्या दिवशी, एका शुक्रवारी, नळी पिवळी झाली. साहेबांनी ती तीन वेळा उजेडात धरली. पिवळीच. आदल्या संध्याकाळी अर्धं पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी मासे न्या, असं दुकानदाराने सांगून ठेवलं होतं. रविवार ठरला. मुलगी म्हणाली, "मी येऊ का?" नऊ आठवड्यांत तिने बापाला विचारलेला हा पहिला प्रश्न. साहेब नुसते मान हलवत राहिले.

पण त्याच आठवड्यात शहराची मोठी जलवाहिनी फुटली होती आणि पाण्यात गाळ आला होता. क्लोरीन तिप्पट करा, असा हुकूम गुरुवारी निघाला होता. त्यावर सही साहेबांचीच होती. शनिवारी ते दमून घरी आले आणि घाईघाईने बादल्या भरू लागले. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, पाण्याला केवढा वास येतोय."

अठरा वर्षांत क्लोरीन हुंगून हुंगून साहेबांच्या नाकाला तो वास येईनासा झाला होता. दोन दिवस तक्रारींचे फोन घेऊन तोंडाला एक वाक्य मात्र बसलं होतं.

"पाणी पिण्यास पूर्णपणे सुरक्षित आहे," ते म्हणाले.

साहेबांनी नेहमीच्या पाण्याला लागतात तेवढेच क्लोरीन उतरवायच्या औषधाचे चार थेंब बादलीत टाकले आणि पाणी टाकीत ओतलं.

रविवारी सकाळी नळी हिरवीगार झाली. साहेब खुर्चीत बसले आणि एकदम त्यांना गुरुवार आठवला. गावात ज्या एकाच माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं, तो माणूस बादली घेऊन उभा होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि तेही सहीशिक्क्यानिशी. साहेबांना रडू येईल असं वाटलं.

मुलगी बूट घालून, पिशवी घेऊन समोर आली. तिने नळी बघितली.

"आजीने परत स्पंज धुतला?"

सासूबाई खरोखरच शुक्रवारी दुपारी येऊन गेल्या होत्या. साहेबांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आजीवर कोणी रागावणार नव्हतं आणि घरात कोणाला शंकाही येणार नव्हती. बायको कणीक मळता मळता थांबून बघत होती. साहेबांनी मान अर्धी हलवलीसुद्धा, पण ती पुढे जाईना.

"नाही," ते म्हणाले. "मी मारले सगळे जंतू. पाण्यात क्लोरीन वाढवायला मीच सांगितलं होतं, आणि घरी येऊन मीच विसरलो." मग थांबले, आणि एवढं बोललोच आहोत तर उरलेलंही बोलून टाकावं म्हणून म्हणाले, "आधीचे मासेही आजारी नव्हते. तेव्हाही चूक माझीच होती."

"मला माहीत आहे," मुलगी म्हणाली.

"कसं?"

"मी आणि आई दुकानात गेलो होतो. तू भांडून आलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, बाबा कधी सांगतो बघू."

साहेबांना कुठे बघावं ते कळेना, म्हणून ते टाकीकडे बघत बसले, आणि तिथेही बघण्यासारखं काही नव्हतं. मुलीने खाली बसून बूट काढले आणि ते जागेवर ठेवले.

"आता किती दिवस लागतील?"

"चाळीस. कदाचित जास्तच."

"चालेल."

ती आतून नवी वही घेऊन आली, टाकीशेजारी पालथी पडून काहीतरी लिहीत राहिली आणि मग वही बापापुढे धरून म्हणाली, "शुद्धलेखन तपास."

वहीत लिहिलं होतं : दिवस पहिला. पाण्यात मासे नाहीत. बाबाच्या चुकीमुळे.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.