टेकडीवरचे अग्निबाण मातुश्रींनीं पंगत बसवून काढविले, ती हकीकत

श्रीकुलस्वामिनीचरणीं माथा. ऐकणारांनीं कान इकडे द्यावा, आणि थोर दौलतींची भक्ति ज्यांस फार असेल त्यांनीं आतांच उठोन जावें, मागाहून बोल लावूं नये. शके अठराशें चौऱ्याऐंशी, शुभकृत् नाम संवत्सर, मास आश्विन. नांव शुभकृत्, आणि त्याच सालीं थोरांनीं अवघी पृथ्वी चुलींत घालावयाची राहिली, ती कैसी राहिली तें लिहिलें असे.

त्यापूर्वीं मोठें युद्ध जाहलें, तेव्हां पूर्व दौलत आणि पश्चिम दौलत एके ताटीं जेवत होत्या, कारण तिसरा एक माजला होता. आणि तो मेला, आणि मग त्याच्या घराची वांटणी करतां करतां ऐसे भांडले कीं पुढें भरल्या शहरांत मधोमध भिंत घातली, सासू इकडे आणि सून तिकडे. पश्चिमेनें अग्निगोळा करून दोन नांदतीं शहरें राख केलीं आणि शांततेसाठीं केलें म्हणाले. मग पूर्वेनें गोळा केला, मग यांनीं त्याहून मोठा, मग त्यांनीं त्याहूनही मोठा, आणि जमीन पुरेना तेव्हां पूर्वेनें एक कुत्री आकाशांत धाडिली, ती बिचारी तेथेंच मेली आणि इकडे पूर्वेनें नगारे वाजविले. आणि एवढें सामर्थ्य हातीं आलें तरी समोरासमोर लढण्याची छाती दोघांसही होईना. मग लढावयाचें तें दुसऱ्याच्या अंगणांत आणि मरावयाचें तें दुसऱ्याच्या पोरांनीं, ऐसा शिरस्ता पडला.

आतां पश्चिम दौलतीच्या दाराशींच समुद्रांत एक बेटाएवढें राज्य होतें. गादीवर रायाजीराजे, मिशी नुकती फुटलेली, आणि कारभार त्यांच्या मातुश्री आवडाबाईसाहेब पाहत. बाईसाहेबांस अक्षर सहीपुरतें येई, परंतु तोंड ऐसें कीं परदेशचे वकील सदरेवर चढण्याआधीं दुभाष्यास पुसत, आज बाईंचा उपास तर नाहीं ना. त्या कुलदेवतेस गेल्या असतां पूर्वेचे वकील आले, राजांस सोन्याच्या मुठीची दुर्बीण नजर केली, आणि राजे भुलले, आणि माडाच्या टेकडीवर पूर्वेचे अग्निबाण उभे राहिले, वरून झावळ्या बांधिल्या, जणूं माडच ते. बाईसाहेब परतल्या आणि पायरीवरूनच म्हणाल्या, “हें काय रे उभें केलेंस?”

राजे बोलिले, “आईसाहेब, आतां आपल्याकडे डोळा वर करून पाहील कोण?”

“पाहिलें त्यांनीं! वरून विमान फिरवून चित्रें काढून नेलीं. झावळ्या बांधून माड होतो होय रे? बाण त्यांचा, वात त्यांच्या हातीं, आणि जळायचे टेकडीखालचे माझे कोळीवाडे. दुर्बीण मिळाली ना तुला? मग बघ आतां समुद्राकडे.”

आणि खरेंच समुद्र पश्चिमेच्या जहाजांनीं काळा जाहला होता. त्यांचे वकील येऊन बोलिले कीं बाण काढावे, न काढाल तर बेट उरणार नाहीं. पूर्वेचे बोलिले कीं तुम्हीही आमच्या शिवेवर, शेजाऱ्याच्या माळावर ऐसेच बाण रोविले, ते आधीं काढा. हे म्हणत तुम्ही आधीं, ते म्हणत तुम्ही आधीं, आणि मग दोघे सदरेवर पाठीस पाठ करून बसले. कारभारी त्रिंबकपंत हात चोळीत आंत आले.

“बाईसाहेब, दोघांतून एकानें पाऊल मागें घेतलें तर राज्य वांचतें.”

“घेणार नाहींत. व्याही पाहिले नाहींत काय पंत? मांडव पेटला तरी आधीं उठायचें कोणी यावरच भांडतील. पानें मांडा. मोदक करवा, आणि तूप हात सोडून.”

त्या राज्यांत रीत ऐसी कीं पानावरून एकट्यानें उठूं नये. पुरे जाहलें तर पानावर हात आडवा धरावा, आणि मग अवघ्यांनीं एकदम उठावें. दुभाष्यानें ती वकिलांस समजाविली. आणि वकिलांस तर आपापल्या हुजुरांची ताकीद कीं प्रतिपक्षाहून उणें कोठें दिसूं नये. मग काय पुसावें! पश्चिमेनें मोदक मागितला कीं पूर्वेनें दोन मागावे, आणि पूर्वेनें तूप ओतून घेतलें कीं पश्चिमेनें वाटी तोंडास लावावी. एकानें कमरेचा पट्टा सोडिला, दुसऱ्याचे डोळे पांढरे जाहले, आणि हात आडवा धरावा तर हार पत्करली ऐसें होईल म्हणोन कोणी धरीना. बाईसाहेब स्वतां वाढीत होत्या.

“हें काय वकीलसाहेब, इतक्यांत दमलां? तुमच्याकडे अन्नाची टंचाई ऐकून होतें, खरीच दिसते. आणि तुम्ही हो? एवढी दौलत आणि पोट पोराएवढें!”

शेवटीं पश्चिमेचे वकील दुभाष्याच्या कानाशीं लागले, “बाईस सांगा, मरतों.” पूर्वेचे कण्हत बोलिले, “आधीं त्यांस हात धरूं द्या.”

मग बाईसाहेब म्हणाल्या, “दोघांनीं एकदम धरा. मी डोळे मिटतें, पंतही मिटतील. आधीं कोणीं धरला हें पाहतो कोण?” आणि दोन्ही हात एकदम पानांवर आडवे पडले. “तैसेच राहूं द्या. आतां बाणांचेंही ऐसेंच करावयाचें. तुमचे माझ्या टेकडीवरचे आणि यांचे त्या माळावरचे, एकदम निघतील.”

“हुजूर म्हणतील आम्ही हरलों,” पश्चिमेचे वकील बोलिले.

“तर सांगूं नका. माळावरचे गंजले होते म्हणोन काढिले म्हणा. खोटें बोलायला मी शिकवूं होय तुम्हांस? पंत, आणखी एक पातेलें उतरलें आहे ना?”

“काढतों!” दोघे एकदम ओरडिले, आणि दोन थोर दौलतींचें एकमत त्या दिवशीं प्रथम जाहलें.

मग बाण निघाले आणि जहाजें वळलीं, आणि पूर्वेंत तोफा सुटल्या कीं आम्ही जिंकलों, आणि पश्चिमेंत तोफा सुटल्या कीं आम्ही जिंकलों, आणि दोहोंच्या अखबारांत बेटाचा उल्लेखही नाहीं. पुढें दोघे शहाणे भातखाचरांच्या एका गरीब देशीं उतरले, तेथें वर्षानुवर्षें आगीचा पाऊस पाडिला, आणि त्या देशाचें नांव जगाच्या तोंडीं जाहलें. तेव्हां रायाजीराजे रुसून म्हणाले, “आईसाहेब, एवढें आपण केलें आणि आपलें नांव कोणी घेईना.”

“कोंबडीचें नांव घरांत निघतें केव्हां? पाहुणे आले म्हणजे. त्या भातवाल्यांस पूस जा, एवढें नांव जाहलें त्याचें काय करतां.” आणि बखर लिहिणाराकडे वळोन बोलिल्या, “सगळें लिहा. राज्याचें नांव तेवढें घालूं नका.” लिहिलेलें होतें तें त्यांच्या देखत खोडिलें.

एवंच, त्या सालीं पृथ्वी अजीर्णानें वांचली, शहाणपणानें नव्हे. टेकडीखालीं कोळीवाडे नांदत आहेत. कोठें, तें कोणीं पुसूं नये.