पोस्टरमधले सासरे

ड्रॉइंग मास्तरांनी वाचनालयाच्या सभागृहात तीन पोस्टरं स्टँडवर लावली आणि जरा मागं सरकून पाहिलं. एकाच कथेवर वेगवेगळ्या काळात निघालेले तीन सिनेमे. पहिलं पोस्टर हातानं रंगवलेलं, दुसरं फोटो कापून चिकटवलेलं, तिसरं संगणकावर केलेलं. व्याख्यान पोस्टरांवर होतं, पण मास्तरांचा जीव अडकला होता पहिल्या रांगेत. तिथं सासरे बसणार होते. लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. "चित्रं काढून पोट भरतं का?" एवढंच ते अधूनमधून विचारत. आज मास्तरांच्या बायकोनं त्यांना मोठ्या मिनतवारीनं आणलं होतं.

सासूबाई आधी पुढं आल्या. जुन्या पोस्टरसमोर थबकल्या आणि तोंडावर हात ठेवून हसू लागल्या.

"अगंबाई, हे कुठं मिळालं तुम्हाला? यात हे आहेत की."

"हे म्हणजे... बाबा?"

"तर काय. हा पेंटर आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. चित्रासाठी समोर कुणी उभं करायचं असलं की ह्यांनाच हाक मारायचा. ओळखा बरं यातले कुठले ते."

एवढं बोलून त्या जागा धरायला गेल्या. मास्तरांनी निरखून पाहिलं. नायक गोबरा, गुळगुळीत. त्याच्यात सासरे शोधूनही सापडेनात. खलनायकाच्या भुवया मात्र दाट, नजर संशयी. हीच नजर मास्तर सासरच्या जेवणाच्या टेबलावर वर्षानुवर्षं सोसत आले होते. आणि लिहून आणलेल्या भाषणात याच चेहऱ्याला त्यांनी 'दुष्टपणाचा अर्क' म्हटलं होतं.

आता माघार नव्हती. भाषण खिशात गेलं.

"या खलनायकाकडे पाहा," मास्तर म्हणाले. "काय भारदस्त माणूस आहे. दुसऱ्या पोस्टरवर त्याला कापून कोपऱ्यात डकवलाय. तिसऱ्यावर तर नुसती निळी सावली. खरा माणूस दिसतो तो इथंच."

"पण त्याच्या हातात सुरा आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"स्वसंरक्षणासाठी."

खलनायकाला चढवायचं तर बाकीच्यांना उतरवणं भागच होतं. नायक उकडलेल्या बटाट्यासारखा ठरला. नायिकेची पाळी येईपर्यंत मास्तर चांगलेच रंगात आले होते. "हिची मनगटं बघा, पैलवानाची. आणि उभी कशी, तर बस चुकल्यासारखी. फोटोतली नायिका निदान बाईमाणूस तरी वाटते." सभागृह हसलं. सासूबाई मात्र खुर्चीत खाली खाली सरकत होत्या.

व्याख्यान संपलं. कुणाला काही विचारायचंय का, म्हटल्यावर सासरे उठले.

"ती बस चुकल्यासारखी उभी आहे, म्हणालात."

"हो, बाबा."

"मला तसंच उभं राहायला सांगितलं होतं. डोक्यावर टॉवेल घेऊन."

मास्तरांचं बोट सुऱ्याकडे गेलं. "मग... खलनायक?"

"तो पेंटर स्वतः. आरशात बघून काढलाय. एरवी अगदी गरीब माणूस."

इतक्या वर्षांनी सासऱ्यांसमोर बोलायची एक संधी मिळाली होती आणि तीही त्यांनी मातीत घातली होती. सासरे सावकाश पोस्टरपाशी गेले आणि नायिकेच्या हातांकडे बघत राहिले.

"मी तेव्हाच त्याला म्हटलं होतं, मनगटं जाड दिसताहेत, जरा बारीक कर. त्यानं ऐकलं नाही. घरी सांगितलं, तर ही म्हणाली, छान आहेत, तुम्हाला काय कळतंय."

मग ते सासूबाईंकडे वळले.

"ऐकलंस ना? जावईबापूंना चित्रातलं कळतं."