तीन श्वास आणि एक मंगळवार

त्या दिवशी सकाळी टेगनने नवऱ्याला ठणकावून सांगितलं, की आज संध्याकाळी मी बालवाडीच्या वार्षिक सभेला जाणार, शेवटच्या रांगेत बसणार, कुणी काही गळ्यात मारायला आलंच तर तोंडावर 'नाही' म्हणणार आणि घरी येऊन निवांत चहा पिणार!

"तू?" टोस्टला लोणी फासणारा ब्रेडनचा हात थांबला. "अगं, गेल्या वर्षी पत्ता चुकून आलेल्या माणसाला तू जेवायला वाढलंस."

"तेव्हा मी पॉडकास्ट ऐकत नव्हते."

ते मात्र खरं होतं. गेला महिनाभर कपडे वाळत घालताना टेगन नकार द्यायला शिकवणारा एक पॉडकास्ट ऐकत होती. त्यातली इमोजेनबाई इतक्या मऊ आवाजात बोलायची, की टेगन चिमटेसुद्धा दोरीला दुखणार नाही अशा बेताने लावायची. बाराव्या भागात इमोजेन म्हणाली होती, "कुणी काही मागितलं, की लगेच बोलू नका. डोळे मिटा. तीन खोल श्वास घ्या. तिसऱ्या श्वासाबरोबर तुमचा खरा नकार आपोआप वर येईल." एवढं कानावर पडलं आणि चार वर्षांच्या लेकीने, पिपाने, फोन कुत्र्याच्या पाण्यात बुडवला. फोन तांदळाच्या डब्यात गेला, पुढचं ऐकायचं राहिलं. पण हवं ते मिळालं होतं!

नकाराची एवढी निकड का, तर टेगनला पोहता येत नव्हतं. ती ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, वाळवंटी भागातल्या ब्रोकन हिलची. तिथे पाणी म्हणजे नळाला येईल तेवढं. लग्न होऊन वॉर्नमबूलला आली, तर दाराशी अख्खा समुद्र! आणि पिपा लाट दिसली की बदकाच्या पिल्लासारखी धावत सुटायची. टेगन काठावर टॉवेल धरून उभी राहायची आणि मनातल्या मनात पोरीला दहा वेळा बुडवायची. बरं, वाचवायला मनातसुद्धा दुसरंच कुणीतरी यायचं! शेवटी धीर करून तिने मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. पुढच्या मंगळवारपासून, संध्याकाळी सहा. आणि बालवाडीची पालक समिती भरायची तीही मंगळवारी, सहालाच. समितीत अडकलं की पोहणं बुडालं.

सभेला बावीस पालक पोरांच्या खुर्च्यांवर गुडघे कानाला लावून बसले होते. मावळत्या अध्यक्षा जॅनीनने विचारलं, की नवा अध्यक्ष कोण? अध्यक्ष नसेल तर पुढच्या सत्रात बालवाडी उघडायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच बावीसच्या बावीस जण आपापले बूट पाहू लागले. वर पाहिलं तो संपला, हा तिथला अलिखित कायदा.

टेगननेही बूट पाहिले. पण समोरच्या भिंतीवर पिपाच्या चित्राची टाचणी सैल झाली होती. ती पडली आणि एखाद्या पोराच्या पायात गेली तर? टेगनने वर पाहिलं.

"टेगन, तू घेशील ना गं?" जॅनीन म्हणाली.

टेगनने शांतपणे डोळे मिटले. पहिल्या श्वासाला कुणीतरी तिचं नाव सुचवलं. दुसऱ्या श्वासाला अनुमोदन मिळालं. तिसऱ्या श्वासाबरोबर नकार खरंच वर आला, अगदी जिभेच्या टोकापर्यंत! पण डोळे उघडून पाहते तो टाळ्या वाजून संपलेल्या, मांडीवर बालवाडीच्या किल्ल्यांचा जुडगा आणि लोक लॅमिंग्टन केक खायला उठलेले.

"मग, म्हणालीस नाही?" ब्रेडनने घरी विचारलं.

"म्हणत होते," टेगन म्हणाली.

कुठे चुकलं ते तिला कळेना. श्वास उथळ पडले असावेत. दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायला ती जॅनीनच्या दारात गेली आणि या वेळी पोटापासून श्वास घेतला. पण त्या गावात शांतता कुणालाच सोसत नाही. दोघं गप्प बसले, तर तिसरा हवेचा विषय काढतो. पहिल्या श्वासाला जॅनीनला वाटलं, बिचारी कामाला घाबरली. तिने समितीच्या दोन फायली काढून दिल्या. दुसऱ्या श्वासाला तिला वाटलं, हिला बालवाडीत पाळलेल्या कोंबड्यांची काळजी लागली. मग सुट्टीभर कोंबड्या तूच ने, म्हणजे डोळ्यांसमोर राहतील, असं तिने समजुतीने सांगितलं. तिसऱ्या श्वासाला शनिवारचा सॉसेजचा स्टॉलही टेगनच्या नावावर लागला. दोन फायली, खोक्यात चार कोंबड्या आणि सॉसेज उलटायचा एक लांब चिमटा घेऊन टेगन घरी आली.

"हा नकार का?" ब्रेडनने विचारलं.

संध्याकाळी फोन तांदळातून जिवंत निघाला. इमोजेन पुढे म्हणत होती, "मात्र हा सराव घरी, एकटीने करा. चारचौघांत गप्प राहिलात, तर लोक होकार धरून चालतात." टेगनने कोंबड्यांकडे पाहिलं. कोंबड्यांनी टेगनकडे पाहिलं. मौन म्हणजे संमती! म्हणजे हे आपल्याला लागू, तर इतरांनाही लागू नाही का?

शनिवारी स्टॉलवर कांदा परतता परतता तिने समितीच्या सहाही जणांना ऐकवलं, "सभा यापुढे मंगळवारी नाही, बुधवारी. कुणाची हरकत?" हरकत घेणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, हे कुणाला सांगायला नको होतं. सहा जोड्या डोळे बुटांवर गेले. टेगनने तीन श्वास घेतले, सावकाश. ठराव मंजूर.

मंगळवारी ती पोहण्याच्या तलावावर पोचली ती एक पक्की खूणगाठ बांधून. आता श्वासबिस बंद. कुणी काही विचारलं, की पहिल्या फटक्यात नाही! पिपाला टॉवेल देऊन तिने काठच्या बाकावर बसवलं. नेव्हिल नावाचे सत्तरीचे शिक्षक हातात यादी घेऊन आले, घसा खाकरला आणि रांगेवर नजर फिरवली. रांगेतले सगळे खाली आपल्या पायांकडे बघू लागले. ही नजर आणि ही शांतता टेगन चांगली ओळखत होती.

"तुमच्यापैकी कुणाला..." नेव्हिल म्हणाले.

"नाही," टेगन म्हणाली. आयुष्यातला पहिला खणखणीत नकार! छतापर्यंत जाऊन घुमून परत आला.

"...पाण्याची भीती वाटते का, असं विचारत होतो," नेव्हिल खूश होऊन म्हणाले. "बाकीचे उथळ बाजूला थांबा. तू ये पोरी माझ्याबरोबर, पलीकडे."

पलीकडे तळ दिसत नव्हता. आता खुलासा करायला हवा होता. पण सवयीने तिचे डोळे मिटले. पहिला श्वास. दुसरा श्वास.

"तयार दिसतेस," नेव्हिल म्हणाले आणि त्यांनी तिला हलकेच पुढे ढकललं.

तिसरा श्वास तिने पाण्यातच घेतला.

नेव्हिलनी काठी पुढे केली. हातपाय झाडत, खोकत, केसांतून पाणी गाळत टेगन काठाला लागली. वर पाहते तो पिपा टॉवेल धरून उभी, डोळे चमकतायत.

"आई," पिपा म्हणाली, "परत कर ना."

आणि टेगनला नाही म्हणता आलं नाही.