ससूबाईच्या वड्यांचा काळा व्हिडिओ

एका जंगलात, जिथे झाडावर चढलं की रेंज यायची, तिथे एक ससूबाई राहायची. बसलात का सगळे? नाकातून बोटं काढा. हां, ऐका.

ससूबाई गाजराच्या वड्या विकायची. वड्या छान, पण गिऱ्हाईक नाही. बाजारात चिंचेखाली तिची जागा होती. बाजाराचे पुढारी गेंडाअण्णा एक दिवस म्हणाले, "बाई, येत्या बाजारी वड्या खपल्या नाहीत, तर ही जागा तरसाला. तो चायनीजची गाडी लावतोय."

ससूबाईने घरी येऊन डबे उघडून पाहिले. जागा गेली तर पिल्लांना काय घालायचं?

ती मोराकडे गेली. तो जाहिरातीचे व्हिडिओ काढायचा.

"वरून घार उडवू," मोर म्हणाला. "मागे मी नाचेन. खर्च म्हणजे, तुमचं बीळ माझ्या नावावर करा."

"आणि आम्ही राहायचं कुठे?"

"ते पॅकेजमध्ये येत नाही."

शेजारची साळूकाकू म्हणाली, "अगं वेडे, नवीन फोन आहे ना तुझ्याकडे? तांब्याला टेकव न् बोल. फुकट होतंय."

ससूबाईने फोन तांब्याला टेकवला. समोर वड्यांची परात ठेवली. पण चार लोक बघणार, म्हणजे नजर लागणार! तिने काजळ घेतलं. पिल्लांच्या गालाला तीट लावली. परातीला लावली. नव्या फोनला नको का? त्यालाही लावली. नेमकी त्याच्या गोल डोळ्यावर, भरपूर.

मग ती बोलली आणि व्हिडिओ जंगलाच्या ग्रुपवर टाकला.

साळूकाकूने उघडला. सगळा काळा! नुसता आवाज: "नमस्कार जंगलकर... गुंड्या, परातीत बसू नकोस! चाटू नका रे! अगंबाई, केवढं सांडलं! बघा मंडळी, रंग कसा आलाय!"

"अगं, यात काहीच दिसत नाही!"

"अगं आई गं! ग्रुपवरून पुसतात कसं हे?"

दोघींनाही येत नव्हतं. ससूबाई पिल्लांना कुशीत घेऊन रडली. जागा गेलीच म्हणायची.

इकडे अस्वल म्हणालं, "परातीत काय असेल हो?"

"मध असणार," माकड म्हणालं. "त्याशिवाय कोण चाटेल?"

"मग रंग कसला आलाय?" म्हणत हत्तीने आपल्या सगळ्या पाहुण्यांना व्हिडिओ पाठवला. कासव तर त्याच क्षणी बाजाराला निघालं.

बाजाराच्या दिवशी चिंचेखाली ही झुंबड! "दाखवा, दाखवा!" ससूबाईने परात उघडली.

"ह्या, वड्याच की!" अस्वल म्हणालं. पण एवढं चालून आलंय, रिकाम्या हाताने कसं जाणार? त्याने एक खाल्ली. मग अजून मागितली. मग सगळ्यांनीच मागितली.

कासव पोचलं तेव्हा परात धुवून ठेवली होती.

गेंडाअण्णा ओठ पुसत म्हणाले, "जागा तुझीच, बाई. तरसाला पुलाकडे पाठवतो."

दुसऱ्या दिवशी मोराने पाटी लावली: 'इथे काळे व्हिडिओ काढून मिळतील. दर दुप्पट.' तरसाने लगेच गाडी विकून पैसे भरले. व्हिडिओ झकास काळा झाला. विकायला मात्र काही उरलं नाही.

तात्पर्य: बाळांनो, मोठी माणसं सांगतात की धंद्याला मेहनत, उजेड आणि स्वच्छ कॅमेरा लागतो. त्यांचं मान हलवून ऐका. पण गिऱ्हाईक बघून येत नाही. बघायला मिळालं नाही, म्हणून येतं.