अर्जाची मागची बाजू

पेटंटच्या अर्जांवर शिक्के मारणारे साहेब, तुम्ही चोर आहात! ऑर्विन टटलने तुमच्याकडे यंत्राचा अर्ज पाठवला, तुम्ही त्याचा संसार दाबून बसलात. "नियम, नियम" म्हणून तोंड फिरवू नका. ऐका!

ओहायोतला हा ऑर्विन बग्ग्यांची चाकं दुरुस्त करायचा. १९०७ साली त्याने डुलत्या खुर्चीला धुण्याचा टब जोडला. माणसाने ओसरीवर नुसतं डुलायचं, कपडे आपोआप स्वच्छ! टब फिरवायला पायडल हवं होतं, ते त्याने बायकोच्या, व्हिनीच्या, शिलाई मशीनचं उपटलं. व्हिनी एवढंच म्हणाली, "मी डेटनला बहिणीकडे चालले." आणि गेली. तिचं असंच. एक गोष्ट ती दोनदा सांगत नाही.

"पेटंट येऊ दे, आठ दिवसांत व्हिनी घरात!" ऑर्विन गावभर छाती ठोकून सांगायचा. घरी मात्र पाच महिने तो टेबलावर दोन बशा मांडत होता आणि एक कोरडीच उचलून ठेवत होता.

अर्जावरच्या शपथेसाठी नोटरी बिकल आला. ऑर्विनने त्याला खुर्चीत बसवलं. बिकल म्हणजे चालतंबोलतं धान्याचं कोठार! चौथ्या झोक्याला खुर्ची टबासकट पायऱ्या उतरली आणि उधळलेल्या घोड्यासारखी रस्त्याला लागली. पाद्र्याच्या फाटकाशी थांबली तेव्हा बिकलच्या डोक्यावर ऑर्विनची लोकरी चड्डी होती.

"टटल," तो फेस थुंकत म्हणाला, "कल्पना तुझ्या एकट्याचीच ना? देवाशपथ सांग!"

ऑर्विन अडखळला. "म्हणजे... व्हिनीच एकदा म्हणाली होती, बसल्या बसल्या धुणं झालं तर काय बहार होईल."

"मग बोंबल! शोध दोघांचा. तिचीही सही लागणार."

ऑर्विनला आकाश ठेंगणं झालं! तिला लिहायला कारण मिळालं. अर्ज तिला सहीसाठी पाठवताना शेवटच्या पानामागे त्याने पेन्सिलीने लिहिलं, "व्हिनी, परत येशील?" आणि या शहाण्याने सोबत तुमच्या पत्त्याचा लिफाफाही जोडला, तिकिटासकट!

व्हिनी शिस्तीची. तिने सही केली, मागे उत्तर लिहिलं आणि अर्ज थेट तुमच्याकडे टाकला. ऑर्विनला नुसतं कार्ड: "सही केली. उत्तर तुझ्या प्रश्नाखालीच लिहिलंय."

"काय लिहिलंस?" त्याने तार केली.

"एकदा सांगितलंय." तिची तार.

मग त्याने तुम्हाला विचारलं. तुम्ही कळवलंत, "दाखल झालेले कागद परत मिळत नाहीत. मागचा मजकूर शोधाशी संबंधित नसल्याने विचारात घेतलेला नाही." त्याने संतापून पुन्हा लिहिलं, तर "भाषा असभ्य" म्हणून पत्रच परत!

"अरे गाढवा, गाडीत बस आणि डेटनला जा ना!" बिकल ओरडतो.

"आणि तिने 'नाही' लिहिलं असेल तर?" ऑर्विन म्हणतो. तरीही डेटनची गाडी यायच्या वेळी तो रोज दाढी करून स्टेशनवर उभा असतो.

साहेब, ते पेटंट घाला चुलीत! पान उलटा आणि एका शब्दात कळवा: हो, की नाही?